धुळीचा जमाखर्च

शाळेत असताना भूगोलाच्या पेपरात ‘जोड्या लावा’ हा प्रश्न हमखास असायचा. अभ्रक – कोडरमा, मँगनीज – बालाघाट, हिरे – पन्ना, सोने – कोलार. रेघा ओढल्या की चार गुण पदरात! त्या गुणांच्या आनंदात एक साधी गोष्ट कधी मनात आली नाही. ज्या गावाचे नाव आपण खनिजासमोर लिहितो त्या गावात माणसे राहतात. खनिज संपले की जोडी तुटते. गाव मात्र तिथेच उभे राहते.

कोलारच्या सोन्याच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. तरी जुन्या गाईडांत ती जोडी कायम होती. मी जरा जास्त पैसे मागितले की आमचे बाबा अजूनही म्हणतात, ‘‘कोलारची खाण लागली काय रे मला?’’ पुढे २०१८ साली एका कन्नड चित्रपटामुळे ‘के. जी. एफ.’ ही तीन अक्षरे पोराटोरांच्या तोंडी झाली. पण चित्रपटातले गाव वेगळे आणि नकाशातले वेगळे. ते नकाशातले गाव गेल्या डिसेंबरच्या सुटीत मी पाहून आलो. पाहून आल्यावर मनात जे राहिले ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी आमच्या घराविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण मी ते गाव पाहिले ते सोनाराच्या मुलाच्या डोळ्यांनी. बाबा शहापुरात सोनारकाम करतात. आजोबांचाही तोच धंदा. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हे मी पाढ्यांच्या आधी शिकलो. सोनाराच्या दुकानात वाया जाते असे काही नसते. कानशीचा कीस मांडीवरच्या फडक्यात झेलायचा, हात धुतलेले पाणी बादलीत साठवायचे आणि संध्याकाळी दुकान झाडल्यावर निघालेला केर पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायचा. लहानपणी मी एकदा विचारले होते, ‘‘कचरा का ठेवता?’’ तेव्हा आजोबा म्हणाले, ‘‘सोनाराच्या घरात कचरा नसतो, उशिरा मिळणारं सोनं असतंय.’’ वर्षातून एकदोनदा झारेकरी येतो. डबा हातात तोलून पाहतो, भाव ठरवतो, रोख पैसे मोजतो आणि केर घेऊन जातो. तो केर धुऊन-गाळून त्यातले कण तो वेगळे काढतो. त्याचेही पोट त्यावर चालते.

हा धंदा आता उतरणीला लागला आहे. लग्नाचे दागिने मोठमोठ्या काचेच्या दुकानांत तयार मिळतात. बाबांकडे येते ते तुटलेल्या साखळीला डाख लावणे, कुड्यांची फिरकी बसवणे आणि बाळांचे कान टोचणे. मी बी. कॉम. झाल्यावर दुकानात बसायचे की बंगळूरला नोकरी शोधायची, हा प्रश्न आमच्या घरात कुणी उघड विचारत नाही; पण जेवताना तो ताटाभोवती फिरत असतो.

अशा वेळी माझ्या वर्गमित्राने विचारले, ‘‘आमच्या मामाकडे येतोस काय, के. जी. एफ.ला?’’ हा मित्र कन्नड माध्यमातून आलेला. आम्ही दोघे निम्मे कन्नड, निम्मे मराठी असे बोलतो आणि त्यात कुणाचेच काही अडत नाही. त्याचे मामा तिथल्या ‘बेमेल’ या सरकारी यंत्रकारखान्यात नोकरीला आहेत. घरी सांगितले तेव्हा आई म्हणाली, ‘‘तिथं आता बघायला काय आहे?’’ बाबा म्हणाले, ‘‘येतेवेळी तिथली मूठभर माती घेऊन ये बघू.’’

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून आम्ही सकाळी बंगळूरला उतरलो आणि तेथून मारिकुप्पमची गाडी धरली. आमच्या डब्यात जेमतेम दहा-बारा माणसे होती. समोरून बंगळूरकडे येणाऱ्या गाड्या मात्र अशा भरलेल्या, की दारातल्या माणसाला आत हात काढायला जागा नसावी. मित्र म्हणाला, ‘‘ते बघ, के. जी. एफ. चाललंय.’’ त्याच्या म्हणण्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

बंगारपेटला मुख्य मार्ग सोडून गाडी फाट्यावर वळते. ‘बंगार’ म्हणजे कन्नडात सोने, हे बेळगावकरांना सांगायला नको. हा फाटा १८९४ साली खाणींसाठीच घातला गेला. त्यावरची स्थानके म्हणजे कोरमंडल, ऊरगाम, चॅम्पियन आणि शेवटी मारिकुप्पम. चॅम्पियन हे एका खाणीचे नाव. स्टेशनलाही तेच दिले. कोलार हे जिल्ह्याचे गाव येथून तीसेक किलोमीटरवर आहे. खाणींच्या गावाला तिथले लोक के. जी. एफ.च म्हणतात. त्याची बाजारपेठ रॉबर्टसनपेट. हे नाव एका ब्रिटिश रेसिडेंटाचे.

तिथली भाषा ऐकून मी चकित झालो. कर्नाटकातले गाव म्हणून मी कन्नड बोलायची तयारी ठेवली होती. पण रस्त्यावर, चहाच्या टपरीवर, भाजीबाजारात तमिळ आणि तेलुगू. कन्नडात विचारले तर उत्तर कन्नडात मिळते, पण आपसांतले भांडण आणि प्रेम तमिळात. घरात एक भाषा, कचेरीत दुसरी आणि दोन्हींत जगणे, हे आपल्या सीमाभागातल्या मुलाला नवीन नाही. म्हणूनच की काय, त्या परक्या गावात मला पहिल्या तासातच ओळखीचे वाटू लागले.

आता थोडा इतिहास सांगतो. या मातीत सोने आहे हे साहेबाने शोधून काढले, असे आपण वाचतो. टिपू सुलतान पडल्यावर म्हैसूर राज्याच्या सीमांची मोजणी करायला आलेला लेफ्टनंट जॉन वॉरन १८०२ साली या भागात फिरत होता. त्याने काय पाहिले? तर ऊरगाम आणि मारिकुप्पम गावचे लोक माती धुऊन सोन्याचे कण काढीत होते. म्हणजे आमच्या झारेकऱ्याचेच काम तिथे आधीपासून चालू होते. फक्त त्यांचा डबा म्हणजे तिथली जमीन होती. पुढे मायकेल लाव्हेल या आयरिश माणसाने १८७३ साली म्हैसूर दरबाराकडे परवाना मागितला. पण खाण खऱ्या अर्थाने उभी केली ती १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या लंडनच्या कंपनीने.

मग पैसा आला आणि पैशामागून सगळे आले. १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्र येथून सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या तारांवरून वीज आणली, ती या खाणींसाठी. बंगळूर शहराला वीज मिळाली त्यानंतर तीन वर्षांनी! हवा थंड, बंगले कौलारू, क्लब, गोल्फचे मैदान. म्हणून या गावाला ‘लिटल इंग्लंड’ म्हणत. १९५६ साली म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ साली त्या केंद्र सरकारकडे गेल्या आणि १९७२ साली ‘भारत गोल्ड माइन्स लिमिटेड’ ही कंपनी झाली. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरांहून खोल गेली. जगातल्या सर्वांत खोल खाणींत तिची गणना होई. सूर्यप्रकाशच काय, आकाशातून येणारे किरणही जिथे पोचत नाहीत अशी जागा शास्त्रज्ञांना हवी होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने इंग्लंड आणि जपानमधल्या शास्त्रज्ञांसह इथल्याच पाताळात यंत्रे मांडली आणि १९६५ साली वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनो या अदृश्य कणांची नोंद केली. आपल्या विज्ञान शाखेच्या मित्रांनी हे जरूर वाचावे.

हे सारे वैभव आज भिंतीबाहेरून पाहावे लागते. खाणीच्या तोंडावर उभे असलेले लोखंडी मनोरे दिसतात. त्यांच्या माथ्यावर दोराची भलीमोठी चाके आहेत, पण ती फिरत नाहीत. फाटकाला कुलूप, शेजारी पहारेकरी. पंप बंद झाल्यापासून आत पाणी भरले आहे. ज्या खोलीपर्यंत माणसे रोज डबा घेऊन जात, तिथे आता फक्त पाणी आहे.

पण पाहणाऱ्याची नजर मनोऱ्यावर थांबतच नाही. ती जाते टेकड्यांकडे. गावाच्या कडेने करड्या-पांढऱ्या रंगाच्या टेकड्या पसरल्या आहेत. पावसाने त्यांना उभ्या घळी पाडल्या आहेत. दुरून वाटते, देवाने केलेले डोंगर असावेत. जवळ गेल्यावर कळते, हा डोंगर नव्हे, पीठ आहे. खडक फोडायचा, दळायचा, सायनाइडच्या पाण्यात त्यातले सोने विरघळवायचे आणि उरलेला गाळ आणून टाकायचा. हे काम शंभर वर्षे चालले. असे तेरा ढीग आहेत आणि त्यांत सुमारे ३ कोटी ३० लाख टन गाळ आहे. लोक त्यांना ‘सायनाइडच्या टेकड्या’च म्हणतात. वारा सुटला की हे पीठ उडते आणि घरांच्या कौलांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पिण्याच्या पाण्यावर बसते. आम्ही अर्धा तास तिथे उभे राहिलो. परतताना दातांखाली कचकच लागत होती.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी गप्प कसा बसणार? वहीच्या मागच्या पानावर मी गणित मांडले. या खाणींतून एकशेवीस वर्षांत सुमारे ८०० टन सोने निघाले. तोळ्यांत सांगायचे तर जवळजवळ सात कोटी तोळे. मागे उरलेल्या धुळीला त्या सोन्याने भागले, तर एका तोळ्यामागे जवळजवळ पाच क्विंटल धूळ येते. दोन तोळ्यांचे मंगळसूत्र घ्या. त्याच्यामागे कुणाच्या तरी दारात एक टन धूळ पडलेली आहे. मंगळसूत्र घालणारीला ती दिसत नाही, घडवणाऱ्या सोनारालाही दिसत नाही. मी सोनाराच्या घरात वीस वर्षे राहिलो. ही धूळ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

बाबांसाठी मूठभर माती घ्यावी म्हणून मी वाकलो, तेव्हा मित्राच्या मामांनी हात धरला. ‘‘घरात नेण्यासारखी वस्तू नव्हे ती,’’ एवढेच म्हणाले.

संध्याकाळी मामा आम्हांला त्यांच्या ओळखीच्या एका वृद्ध खाणकामगाराकडे घेऊन गेले. कामगारांच्या वस्तीला तिथे ‘लाइन’ म्हणतात. एकाला एक चिकटलेल्या खोल्यांची रांग, पुढे हातभर ओटा, मध्ये गटार. जागोजागी बाबासाहेब आंबेडकरांचे पुतळे आणि तसबिरी. जमिनीखाली उतरणारे बहुतेक कामगार तमिळ भागातून आलेले दलित होते. त्यांच्यात बाबासाहेबांचा विचार फार पूर्वी रुजला. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार येथून विधानसभेवर निवडून गेलेले आहेत. १९३० साली कामगारांची नोंदणी बोटांच्या ठशांसह करण्याचा नियम निघाला, तेव्हा या लोकांनी एकवीस दिवस काम बंद ठेवले होते. ठसे चोरांचे घेतात, कष्टकऱ्यांचे नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता.

ते आजोबा ओट्यावर बसले होते. सत्तरी कधीच ओलांडलेली, आवाज बारीक, आणि दर दोन वाक्यांमागे खोकला. कन्नड बोलत, मध्येच तमिळात शिरत. मामा आम्हांला समजावून सांगत. ते म्हणाले, ‘‘पिंजऱ्यातून खाली उतरताना कान बंद व्हायचे. खाली खडकाला हात लावला तर चटका बसायचा. यंत्राने थंड हवा सोडायचे, तरी अंगावर कपडा ठेववत नसे. भीती उष्णतेची नव्हती. भीती आवाजाची.’’

आवाज म्हणजे काय ते त्यांच्या बायकोने सांगितले. एवढ्या खोलीवर खडकावर वरच्या डोंगराचा दाब असतो. कधी कधी तो खडक स्वतःच फुटतो. वर गावात जमीन हादरायची, फळीवरची भांडी वाजायची. ‘‘भांडी वाजली की आम्ही सगळ्या बायका चूल तशीच टाकून खाणीच्या तोंडाशी धावायचो. पिंजरा वर यायचा, एकेकीचा माणूस बाहेर पडायचा. आपला येईपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही.’’ त्या हे सांगत होत्या आणि हातांनी तांदूळ निवडत होत्या.

काम सुटल्यावर बाहेर पडताना झडती होत असे. केस, तोंड, चपला सारे तपासत. आजोबा हसून म्हणाले, ‘‘सोन्याचा एक कण आमच्याबरोबर बाहेर येऊ दिला नाही. धूळ मात्र छातीत कितीही नेली तरी कुणी विचारलं नाही.’’ हसताहसता त्यांना खोकल्याची मोठी उबळ आली. सिलिकोसिस हा शब्द त्या लाइनीतल्या लहान मुलांनाही माहीत आहे. दगडाचे बारीक पीठ फुप्फुसात बसते, फुप्फुस हळूहळू कठीण होते आणि गेलेले पुन्हा येत नाही.

सोनाराच्या मुलाची एक वाईट खोड असते. माणूस समोर आला की नजर आधी गळ्याकडे, कानांकडे जाते. आजींच्या कानांत काही नव्हते आणि गळ्यात हळदीने पिवळा केलेला दोरा होता. माझी नजर त्यांनी टिपली असावी. म्हणाल्या, ‘‘आमचं सोनं बंगळूरला शिकायला गेलंय.’’ मला उलगडा होईना. मग मामांनी सांगितले, की नातीच्या परिचारिका-शिक्षणाच्या फीसाठी दागिने तारण ठेवले आहेत. बाजारपेठेत येताना सोनेतारण कर्जाच्या पाट्या मी वाचल्या होत्या. ज्या गावाने सात कोटी तोळे सोने दिले, त्या गावात सोने गहाण ठेवून घेणाऱ्या दुकानांची रांग लागली आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधारातच, मी मित्राबरोबर स्टेशनवर गेलो. थंडी मी म्हणत होती. फलाटावर शेकडो माणसे. हातात डबा, डोक्याला मफलर, मुलींच्या केसांत त्या वेळीही गजरा. कुणी शिवणकारखान्यात, कुणी दुकानात, कुणी रुग्णालयात, कुणी पहारेकरी म्हणून. रोज जाणे-येणे मिळून पाच तास गाडीत. खाण बंद झाली तेव्हा सुमारे साडेतीन हजार कामगार घरी बसले. एके काळी इथे वीस हजारांहून अधिक लोक कामाला होते. आज त्यांची मुले-नातवंडे या गाडीने पोट भरायला जातात. आजोबा पिंजऱ्यातून खाली जात, नात गाडीतून बंगळूरला जाते. समोरून येणाऱ्या गाडीकडे बोट दाखवून ‘‘ते बघ, के. जी. एफ. चाललंय’’ असे मित्र का म्हणाला, ते मला आता समजले.

आता हिशेबाकडे वळतो. खर्चलेखाशास्त्राच्या तासाला आपण खाणीला ‘क्षय पावणारी मालमत्ता’ म्हणतो. यंत्र झिजते, त्याच्यासाठी घसारा धरतो. खाण रिकामी होते, म्हणून काढलेल्या टनांच्या प्रमाणात तिची किंमत कमी करीत जातो. शेवटी किंमत शून्य झाली, की खाते बंद. कोलारचे आकडे या नियमाला सोडून नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत एक टन खडकातून चाळीस ग्रॅमच्या वर सोने निघे. शेवटी शेवटी ते तीन ग्रॅमच्या आसपास आले. आणि ते तीन ग्रॅम आणायला तीन किलोमीटर खाली जायचे, थंड हवा सोडायची, पाणी उपसायचे. खर्च चढत गेला, उत्पन्न उतरत गेले. तोट्यातली खाण अनंत काळ चालवावी, असे वाणिज्याचा कोणताही विद्यार्थी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

पण त्याच वहीत आणखी दोन गोष्टी आहेत. सरकारीकरणानंतर कित्येक वर्षे इथले सोने आंतरराष्ट्रीय अधिकृत भावाने सरकारजमा होई. औंसाला ३५ डॉलर म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने तोळ्याला साडेबासष्ट रुपये. बाजारात भाव त्याहून कितीतरी चढा होता. देशाच्या तिजोरीला ते सोने हवे होते, हे खरे. परंतु ताळेबंदात ‘देशासाठी सोसलेला तोटा’ असा रकाना नसतो. तिथे नुसता ‘तोटा’ लिहितात, आणि तो खाणीच्या नावावर चढतो. दुसरी गोष्ट भावाची. २००१ साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव साडेचार हजारांच्या आत होता. २०२५ साली तो एक लाखाच्या वर गेला. भाव खाणीच्या हातात नव्हता, कामगाराच्या तर नव्हताच. ज्या वर्षी हिशेब केला, त्या वर्षीचा भाव लागला आणि निकाल झाला.

यापेक्षाही मला खटकते ती धूळ. यंत्राला घसारा धरला, इमारतीला धरला, खुद्द खाणीला धरला. पण आजोबांच्या फुप्फुसाची झीज कोणत्या रकान्यात धरायची? दारातल्या डोंगराची किंमत कोणत्या बाजूला मांडायची, जमेला की नावे? लंडनच्या भागधारकांना लाभांश मिळाला, दरबाराला स्वामित्वधन मिळाले, देशाला सोने मिळाले. सोने वाटून झाले. वाटणी झाली नाही ती धुळीची. ती सगळीच्या सगळी गावाच्या वाट्याला आली.

आणि आता त्या धुळीलाही भाव आला आहे. टनामागे पाऊण ग्रॅमच्या आसपास सोने तिच्यात अजून शिल्लक आहे. ढीग एवढे मोठे की सगळे मिळून ते वीस टनांच्या वर भरते. २०२४ साली राज्य सरकारने या ढिगांतून पुन्हा सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली. म्हणजे कुणीतरी मोठा झारेकरी यंत्रे घेऊन येणार. त्याला माझा विरोध नाही. ढीग हलले तर गावाचा श्वास मोकळा होईल, दोन हातांना कामही मिळेल. पण पीठ पुन्हा उकरले जाईल तेव्हा ते उडणारही. आमच्या शहापुरात झारेकरी केर उचलण्याआधी डब्याचे पैसे मोजतो. कारण तो केर ज्याच्या दुकानात पडला त्याचा असतो, हे त्यालाही मान्य आहे. कोलारचा केर कुणाच्या दुकानात पडला? ज्यांच्या घरांवर, ताटांत, छातीत तो शंभर वर्षे बसला, त्यांच्या हातावर त्याच्या किमतीतले काय पडणार? ते राहतात त्या खोल्यांची मालकी त्यांच्या नावावर होणार की नाही, त्या खोकल्याला चांगले रुग्णालय मिळणार की नाही, बंगळूरची गाडी धरावी लागणार नाही असे काम गावात येणार की नाही? हे प्रश्न भावनेचे नाहीत, हिशेबाचे आहेत. आपण जे शिकतो त्याच शास्त्राचे आहेत.

परत आल्यावर बाबांनी मातीचे विचारले. मी रिकामे हात दाखवले आणि सायनाइडच्या टेकड्यांचे, आजोबांच्या खोकल्याचे सगळे सांगितले. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी केराचा डबा पुढे ओढला, झाकण नीट बसवले आणि म्हणाले, ‘‘आपण एवढ्याशा धुळीला जपतो, आणि तिथं डोंगर टाकून गेले.’’

दुकानात बसायचे की बंगळूरला जायचे, हा माझा प्रश्न अजून सुटलेला नाही. कोलारला जाऊन तो सुटेल अशी अपेक्षाही नव्हती. पण एक काम मी हाती घेतले आहे. बाबांच्या दुकानाच्या गेल्या दहा वर्षांच्या वह्या मागून घेतल्या आहेत आणि रोज रात्री तासभर त्या उतरवून काढतो. ‘धंदा पुरत नाही’ असे आम्ही सगळेच म्हणत आलो; तो किती पुरत नाही आणि कुणाला पुरत नाही, हे एकदा आकड्यांत मांडायचे आहे. त्यात बाबांच्या अधू होत चाललेल्या डोळ्यांसाठी मी एक वेगळा रकाना आखला आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात तो नाही. त्यात काय लिहायचे हे आपल्या प्राध्यापकांना विचारणार आहे.